कमी कचऱ्याची घरं आणि सरसकट दर : सोसायटीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

कचरा ठेकेदाराचं पत्र आज कमिटीसमोर ठेवलं. जुलैपासून घरटी १२० ऐवजी १८० रुपये. कारणं तीन : डिझेल, माणसं, आणि ‘टाकायची जागा लांब गेली’. २४ फ्लॅटचे महिन्याला ४,३२० होतात. खजिनदार म्हणून विषय माझ्या गळ्यात पडला आहे, तेव्हा नोंदी ठेवते.

आमची परिस्थिती अशी. ग्रामपंचायत हद्द, पुणे-सातारा रस्त्यापासून थोडं आत. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तीन इमारती, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. पाच फ्लॅट कायम बंद. राहत्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत एक किंवा दोन माणसं : निवृत्त जोडपी, माझ्यासारख्या एकट्या बायका, आणि कंपनीत जाणारी पोरं, जी घरी फक्त झोपायला येतात. पंचायतीची घंटागाडी आठवड्यातून दोनदा येते, पण कमानीपाशी थांबून परत फिरते.

बी-विंगमधल्या काकांनी मुद्द्यालाच हात घातला. ‘आम्हा दोघांचा कचरा ओंजळभर. सहा माणसांच्या घराएवढे पैसे आम्ही का द्यायचे?’ यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा माणसांच्या घराचे मालक तेवढे गप्प होते.

१२ जून

ठेकेदाराला फोन केला. बंद फ्लॅटचेही १८०? हो. कारण ‘गाडी तर येतेच ना’. ओला-सुका वेगळा दिला तर दर कमी होईल का? नाही. वेगळा दिलेला कचरा टेंपोत एकाच ढिगात पडतो, हे आम्ही सगळ्यांनीच गॅलरीतून पाहिलंय. टेंपो कुठे रिकामा होतो असं विचारलं, तर ‘तिकडे पुढे’. तिकडे पुढे ओढा आहे.

संध्याकाळी उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, काढून बसले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान वाटायचं असतं. फ्लॅट मोठा-लहान, माणसं दोन-सहा, काही फरक नाही. म्हणजे सोसायटीनं ठेका दिला आणि पैसे मेंटेनन्सच्या बिलात लावले, तर काकांना कमी आणि इतरांना जास्त असं करता येणार नाही. ऑडिटर पहिल्याच वर्षी लाल शाई काढेल. दर घराप्रमाणे बदलायचा असेल, तर त्यातला काही भाग बिलाबाहेर, घरानं परस्पर द्यायचा असायला हवा. हे डोक्यात ठेवून पुढे जायचं.

१५ जून

स्वस्त पर्यायांवर लोकांच्या सूचना येऊ लागल्या. पहिली सूचना, अपेक्षेप्रमाणे, काडेपेटीची : मागच्या कोपऱ्यात कागद-पाला जाळून टाकू, ‘गावात सगळेच जाळतात’. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये दंड ठरवला आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. ते सांगितल्यावर सूचना मागे घेतली गेली. खरं तर शेजारच्या इमारतीतल्या दम्याच्या आजी हेच कारण पुरेसं होतं, पण रकमेचा आकडा लवकर पटतो.

दुसरी सूचना सी-विंगमधून. त्यांची लेक झ्युरिखला असते. तिथे १९९३ पासून पिशवीगणिक पैसे आहेत : कचरा ठरावीक पिशवीतच टाकायचा, आणि त्या पिशवीच्या किमतीतच कचरा उचलण्याचा खर्च. कमी कचरा, कमी पिशव्या, कमी पैसे. दक्षिण कोरियानं हीच रीत १९९५ मध्ये देशभर लावली. सिअॅटलमध्ये दर डब्याच्या आकारावर ठरतो, आणि एकट्या-दुकट्यासाठी १२ गॅलनचा, म्हणजे आपल्या ४५ लिटरचा, चिमुकला डबाही मिळतो. ४५ लिटर चिमुकला! माझा अख्ख्या महिन्याचा सुका कचरा त्यात मावेल.

कल्पना न्याय्य वाटते. तेव्हा आधी वजनं करून बघायची असं ठरलं.

१६ ते २२ जून

वजनाचा आठवडा. फाटकापाशी ताणकाटा टांगला. वॉचमन आणि मी आळीपाळीनं उभे राहिलो. ओलं, सुकं आणि ‘इतर’ अशा तीन पिशव्या.

वहीतलं ढोबळ चित्र : दोघांच्या निवृत्त घराचं ओलं रोजचं साधारण ३५० ग्रॅम, सुकं आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. पोरांच्या फ्लॅटमध्ये ओलं जवळजवळ नाहीच, सुकं मात्र भरपूर आणि सगळं पार्सलचे डबे. पाच-सहा माणसांच्या घराचं ओलं रोज किलोच्या वर. १९ घरांचा आठवड्याचा एकूण कचरा शंभर किलोच्या आसपास. त्यातला साधारण चाळीस टक्के चारच घरांचा. यात आंब्याचा वाटा धरावा लागेल. पायरी आणि केशर संपत आलेत म्हणून सगळेच तुटून पडलेत, आणि कोयी-साली वजनाला जड. याच घरांची वजनं ऑगस्टमध्ये केली तर आकडे उतरतील.

काकांचा दावा वजनानं खरा ठरला. त्यांचं घर सगळ्यात हलक्या घरांपैकी एक.

पण सगळ्यात जड पिशवी सहा माणसांच्या घराची नव्हती. ती ए-विंगच्या दुसऱ्या मजल्यावरची, जिथे सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहेत. मोठ्यांचे डायपर. भिजलेला डायपर काट्याला लावला तेव्हा त्यांच्या सूनबाई खाली मान घालून उभ्या होत्या. वजनावर पैसे लावले, तर सोसायटीत सगळ्यात जास्त बिल त्यांना येणार. मी ती पिशवी काट्यावरून काढली आणि वहीत त्या रकान्यात रेघ मारली.

२४ जून

हायवेच्या ढाब्यांवरून बाटल्या-पुठ्ठा वेचणाऱ्या ताईंना बोलावलं होतं. पलीकडच्या वस्तीवर राहतात. त्या आणि त्यांची जाऊ, जोडीनं काम करतात. माल फाट्यावरच्या भंगारवाल्याला जातो. आमच्या कचऱ्यातलं विकण्याजोगं काय ते दाखवा, म्हटलं.

ताईंनी ताडपत्री पसरली, पिशव्या उपड्या केल्या आणि बोलत बोलतच माल वेगळा केला. पाण्याच्या बाटल्या, मग कंपनी कुठलीही असो, सगळ्या ‘बिसलेरी’. पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, कारण पुठ्ठा ओला झाला की भंगारवाला वजनातून परस्पर कापतो. प्लास्टिक त्या डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओळखतात : बोटांत चुरगळायचं, कुरकुरलं तर एका ढिगात, गप्प राहिलं तर दुसऱ्या. दुधाची पिशवी हाती आली तेव्हा थांबल्या. कोपरा पूर्ण कापून टाकलेला होता. ‘काकू, हा तुकडा असा सुटा करू नका. तो कुणालाच सापडत नाही, गटारात जातो. नुसती चीर द्या, लटकता राहू दे. आन् आतून धुऊन द्या, आंबलेली कोन घेनार?’ राज्यानं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची गोष्ट निघाली होती. आमच्या दूधवाल्यानं ती ऐकलेलीही नाही. ताईंना मात्र धुतलेल्या पिशव्यांचे चांगले पैसे मिळतात.

वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं, थर्माकोल, सॉसच्या पुड्या : हे कुणी घेत नाही. पार्सलचे काळे डबे धुतलेले असले तर घेतात.

मग दराची गोष्ट काढली. कमी कचऱ्याच्या घराला कमी पैसे, असं काही बसवता येईल का? ताई हसल्या. ‘वजनाचं काय घेऊन बसलात काकू? पाव किलो असो नायतर दोन किलो, जिना तेवढाच.’

आठवडाभर काटा धरून जे हाती लागलं नव्हतं, ते एवढ्यात मिळालं. खर्च कचऱ्याचा नाही, दाराशी येण्याचा आहे. तिसऱ्या मजल्यावर चढायचं, बेल वाजवायची, ‘थांबा हं’ ऐकायचं, पिशवी घेऊन उतरायचं. काकांची ओंजळ त्यांना तेवढीच महाग पडते, उलट त्यात विकण्याजोगं कमी म्हणून अंमळ जास्तच. कमी कचऱ्याच्या घराला सूट द्यायची, तर ती खेपा वाचवल्याबद्दल. आणि खेपा वाचतात त्या ओलं घरीच जिरलं तर. सुकं आठ दिवस पडून राहिलं तरी वास मारत नाही.

२८ जून

पुण्यात हे गणित फार पूर्वी मांडून झालंय. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, त्यातून पुढे त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. घर शुल्क देतं, ते काम करणाऱ्याच्याच हाती जातं, आणि सुक्या मालाचे पैसेही त्याचेच. कोथरूडला बहिणीकडे हेच चालतं. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची रीतही तिथलीच. त्यामुळे वेगळं करणाऱ्याला पुडकं न उघडताच कळतं. हा लाल ठिपका उद्यापासून आमच्याकडे सुरू. लाल स्केचपेन मी वाटणार.

‘स्वच्छ’ची सेवा आमच्या हद्दीत नाही. पण साचा उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

३० जून : सर्वसाधारण सभा

मांडलेला आराखडा :

फाटकाचा दर. सगळ्यांना समान, मेंटेनन्सच्या बिलात, बंद फ्लॅटसकट. यात ताई आणि जाऊ एक दिवसाआड येणार, फाटकापाशी सुकं घेणार, वेगळं करणार, मागच्या खताच्या हौदाची देखभाल करणार, आणि उरलेला टाकाऊ भाग घंटागाडीच्या दिवशी कमानीपाशी पोचवणार.

दाराचा दर. ज्यांना वर येऊन कचरा न्यायला हवा, त्यांनी वेगळे पैसे परस्पर ताईंना द्यायचे. सोसायटीच्या हिशोबात हे येणार नाहीत, त्यामुळे उपविधीही मोडत नाहीत.

ओल्या कचऱ्याचं ज्यानं त्यानं बघायचं : घरी खताची बादली, नाहीतर रोज उतरताना हौदात.

आम्ही फाटकाचे ६० म्हटलं, ताई ८० म्हणाल्या, ७० वर ठरलं. दाराचे १२० त्यांनीच सांगितले, त्यावर घासाघीस करू दिली नाही. सभेत एक सदस्य ‘त्यांना भंगाराचेही मिळणारच की’ म्हणून ५० वर अडून बसले. त्यांना म्हटलं, दोघींचे महिन्याचे तास मांडा आणि भागा. मांडले. गप्प बसले. रक्कम तरीही कमीच आहे, असं माझं मत मी इतिवृत्तात लिहून घेतलं. हातमोजे, गमबूट आणि रेनकोट सोसायटीकडून. दिवाळीनंतर दर पुन्हा बघायचे.

ए-विंगच्या सूनबाई म्हणाल्या, दाराचे १२० देईन, पण वजनाचं नाव काढू नका. कुणी काढलं नाही.

सहा माणसांच्या घराला दोन्ही दर मिळून आता १९० पडतात, म्हणजे ठेकेदारापेक्षा दहा जास्त. मालक कुरकुरले. फाटकापर्यंत आणलंत तर ७०च, हे ऐकल्यावर त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलानं मोबाइलमध्ये.

७ जुलै

ठेकेदार बंद. ताई सुरू.

मागे कंपाउंडलगत विटांचे दोन हौद बांधून झाले. खालच्या थराला विटांमध्ये हवेसाठी भोकं ठेवली आहेत. एक भरत असताना दुसरा मुरत राहील. घरच्या खतासाठी झाकणाच्या दोन बादल्या सांगितल्या, एकीला बुडापाशी आणि बाजूनं भोकं. नर्सरीतून कोकोपीट आणलं. विरजणासाठी कुणी जिवाणूंची पावडर, कुणी आंबट ताक. मी ताक. ते घरचंच असतं.

१९ जुलै

पाऊस. दोन्ही हौदांचा चिखल झालाय आणि वास तळमजल्याच्या खिडकीत शिरतोय. बी-विंगच्या काकू नाकाला पदर लावून बोलत होत्या.

दोष पाण्याचा आहे, आणि कोरडा माल कमी पडल्याचा. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, तो जिरायला कोरडा, कर्बयुक्त माल हवा. ढोबळमानानं नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब. उन्हाळ्यात वाळका पाला फुकट मिळतो, जुलैत कुठून आणायचा? फाट्यावरच्या सुताराकडून भुसा आणला, दोन पोती. वर पत्र्याचं तिरकं छप्पर टाकलं. ताईंच्या जाऊबाईंनी फावड्यानं अख्खा हौद उलटापालटा केला, थर-भुसा-थर असा पुन्हा रचला. रविवारपर्यंत वास बसला.

प्लायवुडचा भुसा घ्यायचा नाही, त्यात डिंकाची रसायनं असतात. साध्या लाकडाचाच मागायचा.

२ ऑगस्ट

अळ्यांवरून गदारोळ. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी हौस म्हणून बादली घेतली, तीन दिवसांची शिळी बिर्याणी तीत टाकली, आणि आता अळ्या बघून बादली जिन्यात ठेवलीय. करड्या, चपट्या अळ्या होत्या, काळ्या सैनिकमाशीच्या. त्या चावत नाहीत, घरमाशीसारखा रोग पसरवत नाहीत, कचरा मात्र भराभर खातात. तरी जिन्यात नकोत, हे मान्य. बादली हौदात रिकामी केली. पोरांसाठी नियम सोपा केला : तुम्हाला बादली नकोच. तुमचं ओलं आहेच किती? उतरताना हौदात टाका, पार्सलचे डबे धुऊन शनिवारी फाटकात. एवढ्यात भागतं.

आता हिशोब. दाराची सेवा आठ घरांनी घेतलीय. फाटकाचे २४ गुणिले ७० म्हणजे १,६८०, दाराचे आठ गुणिले १२० म्हणजे ९६०. ताईंच्या हाती २,६४०, शिवाय माल. ठेकेदाराला ४,३२० जाणार होते.

बंद फ्लॅटचे एक मालक पुण्याहून फोनवर भांडले : ‘आमचा तर शून्य कचरा.’ खरंय. पण त्यांच्या गॅलरीखालचा पालाही जाऊबाईच झाडतात, आणि समान वाटपाचा नियम त्यांच्या बाजूनंही लागू आहे. उद्या ते राहायला आले आणि सहा माणसं घेऊन आले, तरी ७०च.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. आमच्यासह आसपासच्या तीन सोसायट्यांनी मिळून अर्ज दिला : घंटागाडी कमानीऐवजी फाटकापर्यंत यावी. विषयपत्रिकेत नाही म्हणून पुढे ढकललं. २ ऑक्टोबरच्या सभेत घेऊ म्हणाले, ते लेखी घेतलं.

९ सप्टेंबर

गणपतीत निर्माल्याचा ढीग. दूर्वा, फुलं, केळीची पानं हौदात चालतात, आणि बहुतेकांना ती ओढ्यात जाण्यापेक्षा मातीत गेलेली आवडतात. पण हारांत सगळीकडे प्लास्टिकचा दोरा आणि चमकी. सार्वजनिक मांडवात एक कात्री बांधून ठेवली, हार कापूनच टाकायचा. शहाळी हौदात घेत नाही, वर्ष गेलं तरी तशीच राहतात. ती एका शेतकऱ्याच्या बांधावर.

काकांच्या घरून पहिलं खत निघालं. काळं, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या मातीचा वास. काकांनी ते वाटीत घालून सगळ्या विंगना दाखवलं. त्यांचा कचरा आता फाटकात आठवड्यातून एकदा येतो, एक पिशवी. तेवढ्यासाठी ७० तरी का, असा नवा प्रश्न त्यांनी काढलाय. उत्तर : हौद, टाकाऊ माल, ताईंचं येणं. आणखी कमी होणार नाही. एका मर्यादेनंतर कमी कचऱ्याचं घरही सामायिक खर्चाचं देणं लागतंच.

२ ऑक्टोबर

ग्रामसभेत या वेळी विषय आला. मी कागद घेऊन गेले होते. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये, त्यावरच्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, निधीही स्वच्छतेला वापरता येतो. मग गाडी चारशे मीटर पुढे का येत नाही?

ग्रामसेवकांचं उत्तर सरळ होतं. निधी २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर येतो. आमच्या इमारती त्यानंतरच्या. निधीच्या कागदावर आम्ही राहतच नाही. घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर भरताना मात्र राहतो, असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि सभेत हशा पिकला. सरपंचबाईंनी वाद वाढू दिला नाही. गाडी वळवायला फाटकापाशी जागा आहे का, एवढंच विचारलं. आहे. दर शनिवारी गाडी फाटकापर्यंत येईल, महिनाभर बघू. ठराव झाला.

म्हणजे ताईंची कमानीची शनिवारची खेप वाचली. ती वाचल्याबद्दल दर कमी करा, अशी सूचना एकानं व्हॉट्सअॅपवर टाकली. उत्तर दिलं नाही. दर दिवाळीनंतर बघायचे ठरले आहेत, आणि माझ्या मते वरच जायला हवेत.

२० ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. जुने कपडे, चपला, गाद्या, बंद पडलेले मिक्सर. हे ना फाटकाच्या दरात, ना दाराच्या. ताईंनी मिक्सर घेतले, आत तांबं असतं. गाद्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही, तीन गाद्या जिन्याखाली पडून आहेत. पुढच्या मीटिंगचा विषय क्रमांक एक.

पलीकडची सात मजली सोसायटी आमचे दर विचारून गेली. त्यांच्याकडेही तेच, निम्म्या घरांत दोन-दोन माणसं. मी त्यांना ताईंकडेच पाठवलं. ताईंनी इमारत खालून वरपर्यंत बघितली, लिफ्ट चालते का ते स्वतः बटण दाबून पाहिलं, आणि दाराचा दर ९० सांगितला.